सगुणाच्या परसातला चहा

सासूबाईंना खळखळून हसताना मी पहिल्यांदा ऐकलं ते तारेच्या कुंपणापलीकडून.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस संपला होता, आणि धरणाच्या पाण्यावरून सकाळी असं धुकं चढायचं की आमच्या वसाहतीतली क्वार्टर्स एकमेकांना दिसेनाशी व्हायची. मी मागच्या दारात बंबात ढलप्या घालत होते. शेजारच्या परसातून चुलीचा धूर येत होता, आणि धुराबरोबर ठेचलेल्या आल्याचा, दालचिनीचा, गवती चहाचा वास.

"अगो बाय! मंग तुमी काय केलात?" हा सगुणाचा आवाज.

"काय करणार? समोर इन्स्पेक्टरसाहेब, आणि टेबलाखाली बकरी!"

दोघी हसत सुटल्या. सगुणा हसायचीच, ती कशालाही हसायची. पण दुसरं हसणं कुणाचं हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मग हातातली ढलपी तशीच धरून मी उभी राहिले. पाच वर्षं झाली होती माझ्या लग्नाला. ही बकरीची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

एक्क्याण्णव सालची ही हकिगत. माझे यजमान शशिकांत अकोले तालुक्यातल्या एका धरणावर शाखा अभियंता होते. सासूबाई कराडकडच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या त्याला वर्ष झालं होतं. त्या येणार म्हणून मला जो आनंद झाला होता, तो मी शशिकांतनाही सांगितला नव्हता. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. काकूनं वाढवलं, चांगलं वाढवलं, पण 'आई' हा शब्द माझ्या तोंडून लग्नापर्यंत कुणाला उद्देशून गेलाच नाही. त्यामुळे सासूबाईंना 'आई' म्हणताना मला सुरुवातीला लाजच वाटायची.

त्या वाईट नव्हत्या. कधी टोचून बोलल्या नाहीत. पण वही तपासून खाली सही करावी तसं 'छान' म्हणायच्या. मग मी आणखी छान करायला बघायची. चादरीला सुरकुती नाही, ओट्यावर थेंब नाही, चहा ठरल्या वेळी, पातळ सोनेरी कडेच्या कपबशीत. वाटायचं, एक दिवस त्या मला जवळ बसवून घेतील आणि काहीतरी बोलतील. काय ते मला ठाऊक नव्हतं.

आणि सगुणा भोईर श्रावणात शेजारी राहायला आली. पंप ऑपरेटरची बायको, पालघरकडची. अंगण झाडलं तर झाडलं. चूल परसात मांडलेली, तिच्यावर काळंकुट्ट पातेलं. कुंपणाच्या कडेला गवती चहाचं ठोंब तिनं आल्या आल्या लावलं होतं. त्याची पाती ओढून, गाठ मारून पातेल्यात टाकायची. वर आलं, दालचिनीचा तुकडा, दोन मिरे, गुळाचा खडा. दूध नाहीच.

"आई, चहा तिकडेच झाला?" त्या परत आल्यावर मी विचारलं.

"हो. गारठ्यात बरा वाटतो तो कोरा चहा."

"मी करून देते ना तसा."

"कशाला? तुला सकाळी घाई असते, हेमलता."

त्यांनी शालीत हात गुंडाळून घेतले आणि आपल्या खोलीत गेल्या. मला त्या नेहमी पूर्ण नावानं हाक मारायच्या. सगुणाला मात्र 'अगं सगुणे'.

मग रोजचंच झालं. उजाडलं की कुंपणापलीकडून हाक यायची, "मास्तरीणबाय, या गो, उकळला!" आणि आई निघायच्या. मी शशिकांतना म्हटलं, तर ते दाढी करता करता म्हणाले, "अगं, आई शेजारी चहाला गेली आहे, पळून नाही गेली."

त्यांना काय कळणार होतं? मी राजूरच्या बाजारातून सुंठ आणली, वेलदोडे आणले, जायफळ, लवंग, मिरे. खलबत्त्यात कुटून दोनदा चाळलं. घरभर असा घमघमाट सुटला की शशिकांत स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. दुपारी चार वाजता तो मसाला घालून, दूध आटवून मी चहा केला आणि आईंच्या खोलीत नेला.

"मसाला घरी केलाय. बघा बरं कसा झालाय."

"वास छान आहे. ठेव तिथं. घेते मी."

"गरमच घ्या ना."

"घेते गं. तू जा, तुझं काम कर."

थोड्या वेळानं कप रिकामा मिळाला. "कसा झाला होता?" "छान." दुसऱ्या दिवशी मी मसाला वाढवला, तिसऱ्या दिवशी कमी केला. प्रत्येक वेळी कप रिकामा आणि 'छान'.

चौथ्या दिवशी मी मागच्या बाजूला कपडे काढायला गेले होते. आईंच्या खोलीचं दार परसात उघडायचं. दार उघडलं, आई पाठमोऱ्या बाहेर आल्या. कप दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. जास्वंदीपाशी वाकल्या आणि सगळा चहा त्यांनी आळ्यात ओतला. मग इकडेतिकडे पाहून आत गेल्या.

मी वाळत घातलेल्या चादरीआड होते. जास्वंदीजवळ जाऊन पाहिलं तर आळ्यातली माती रोजच्या चहानं काळी पडली होती, वर मुंग्यांची रांग.

त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पडल्या पडल्या एकच विचार. माझा चहा मातीत, आणि त्या बाईचा चुलीवरचा धुरकट चहा हसत हसत पोटात. असं काय होतं तिच्याकडे? आणि माझ्यात असं काय नव्हतं? आणखीही गोष्टी आठवायला लागल्या. आई हल्ली आमच्याबरोबर जेवायला बसत नव्हत्या. "तुम्ही घ्या, मी मागून बसते," म्हणायच्या. म्हणजे माझ्याबरोबर दोन घास खाणंसुद्धा नको झालं होतं.

दोन दिवसांनी मी दोरीवरून पडलेल्या टॉवेलचं निमित्त करून कुंपणापाशी गेले. ऊन नुकतं आलं होतं. चुलीपाशी आई पाटावर बसल्या होत्या, सगुणा समोर, तिच्या दोघी मुली शाळेच्या कपड्यात. चौघींच्या हातांत वाडगे! आमटी प्यावी तसा वाडग्यातून चहा. ज्या बाईनं आयुष्यभर शाळेत मुलींना टापटीप शिकवली, ती दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावून बसली होती आणि वाफेनं तिचा चष्मा धुकटला होता. मला कसंतरीच झालं. आणि खरं सांगायचं तर, तिथं पाचवा पाट असावा असंही वाटलं. त्याचा राग आणखी आला.

चहा झाल्यावर सगुणानं पोस्टाचं निळं पत्र मांडीवर घेतलं. आई सांगत होत्या आणि ती अडखळत लिहीत होती.

"चिरंजीव सौभाग्यवती कुसुम हिस..."

कुसुममावशी, आईंची धाकटी बहीण. आईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. शाळेतले सुविचार त्यांनी लिहिलेले असायचे. आणि त्या बहिणीला पत्र लिहून घेत होत्या चौथीपर्यंत शिकलेल्या सगुणाकडून, मी बी.ए. झालेली सून शेजारच्या घरात असताना! म्हणजे पत्रात माझ्याविषयी काहीतरी असणार. मला कळू नये असं.

त्या संध्याकाळी आई ओसरीवर बसल्या होत्या. मी तांदूळ निवडत होते. मी तोवर काही ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगते. पण तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर आले.

"आई, एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका."

"काय?"

"काल नळावर सगुणा बायकांना सांगत होती. मास्तरीणबाई रोज येऊन बसतात म्हणाली. वयस्कर माणूस, नको म्हणता येत नाही."

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "असं म्हणाली?"

"मी ऐकलं ते सांगितलं."

"आणखी काय म्हणाली?"

आणखी काय म्हणणार? तिनं काहीच म्हटलं नव्हतं. मी सुपातले खडे वेचत होते. "म्हणाली, त्यांचं करण्यातच माझी सकाळ जाते."

त्यांनी शाल आवळून घेतली. मग "बरं झालं सांगितलंस" म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या. मला भीती वाटली, पण तिच्याखाली गोड असंही काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी हाक आली, "मास्तरीणबाय, उकळला गो!"

"आज नको, सगुणा," आईंनी खोलीतूनच सांगितलं. "बरं वाटत नाही."

तीन दिवस हाक आली, तीन दिवस हेच उत्तर. चौथ्या दिवशी सगुणा पुढच्या दारानं आली. पदराखाली झाकलेला वाडगा.

"वहिनी, बाय कशा हायेत? कोरा चहा आणलाय. मिरी जास्त घातलीत, कफ सुटंल."

"झोपल्यात त्या."

"या वक्ताला?"

"हो. मी देते नंतर."

तिनं वाडगा माझ्या हातात दिला, आत एकदा डोकावून पाहिलं आणि गेली. मी दार लावून स्वयंपाकघरात आले. चहा ओतून द्यावा म्हणून मोरीपाशी वाकले, आणि का कोण जाणे, एक घोट घेतला. मग दुसरा. गवती चहाचा वास नाकात चढला, मागून आल्याचा चटका, आणि गूळ शेवटी, जिभेच्या टोकावर. घसा, छाती, पार पोटापर्यंत ऊब उतरली. उभ्याउभ्या मी सगळा वाडगा संपवला. चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता. वाडगा घासताना मला रडू आलं.

रविवार आला. शशिकांत घरी होते. आता आई आमच्या होत्या, शेजारची हाक बंद झाली होती. मी सकाळी तिघांचा चहा ट्रेमध्ये घालून ओसरीवर आणला. सोनेरी कडेचे कप, काठोकाठ.

"ठेव, घेते मी," आई म्हणाल्या.

"नाही आई, आज आपण एकत्र घेऊ. गरम आहे तोवर."

"अगं, मागून..."

"घे ना आई," शशिकांतही म्हणाले. "हेमानं किती दिवस खपून मसाला केलाय."

मी समोर उभीच राहिले. आईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग शालीतून उजवा हात काढला आणि कपाचा कान धरला. कप बशीवर वाजायला लागला. डावा हात त्यांनी खाली लावला, तसा तोही थरथरला. कप उचलला गेला, आणि वीतभर उचलल्यावर सगळा कढत चहा त्यांच्या हातावर, मांडीवर. कप फरशीवर फुटला.

शशिकांत ओरडले. मी धावत जाऊन गार पाण्याचा तांब्या आणि परात आणली, आईंचे हात परातीत धरले. भाजून लाल झालेली ती बोटं माझ्या तळव्यात शिवणयंत्राची सुई चालावी तशी हलत होती. मी दाबून धरली तरी थांबेनात.

"केव्हापासून हे?"

"पोळ्यापासून थोडं थोडं. थंडी पडल्यापासून वाढलं."

"आणि मला नाही सांगितलंत?"

त्यांनी परातीतल्या पाण्याकडे पाहत सांगितलं. कुठंही आवाज चढवला नाही.

"तुझ्यासमोर कप धरायचा म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, हेमलता. तुझं सगळं जागच्या जागी. मी सांडलं असतं तर तू एक शब्द न बोलता पुसलं असतंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं असतंस. मला ते नको होतं." मग म्हणाल्या, "तिच्याकडे पहिल्या दिवशी सांडलं, तर ती हसली. म्हणाली, मातीला पण थंडी वाजते, पिऊ द्या तिला. आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनाच वाडगे. मी एकटी वेगळी दिसू नये म्हणून. पत्रसुद्धा तीच लिहायची. मला आता सहीसुद्धा जमत नाही."

शशिकांत बर्नोल आणायला आत गेले.

"पण तीही माणूसच," आई म्हणाल्या. "किती दिवस करेल दुसऱ्याचं? कंटाळली असेल. तू सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर मी आपली जातच राहिले असते. मला वाटलं होतं, तिला मी आवडते."

मी गप्प बसले असते तर हे कुणाला कधीच कळलं नसतं. सगुणा काही विचारायला येणार नव्हती, आई काही बोलणार नव्हत्या. आता तर हात कापतात हे मला कळलं होतं, मीच वाडग्यातून चहा दिला असता. मला हवं ते सगळं मिळत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मुलींसमोर इतकी वर्षं ताठ उभी राहिलेली ती बाई खाली मान घालून बसली होती, आणि तिला खाली बसवलं होतं मी.

"आई, ती तसं म्हणाली नाही."

"काय?"

"सगुणा काही म्हणाली नाही. नळावरही नाही, कुठंच नाही. मी रचून सांगितलं."

शशिकांत दारात मलमाची नळी घेऊन उभे होते. त्यांनीही ऐकलं.

आईंनी माझ्या हातांतून हात काढून घेतले. "का?"

पुष्कळ सांगता आलं असतं. जास्वंदीचं, पत्राचं. पण तोंडून निघालं ते एवढंच.

"तुम्ही तिच्याकडे हसत होतात."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही. रागावल्याही नाहीत. हाताला मलम लावून घेतलं, लुगडं बदललं, चपला पायांत सरकवल्या आणि शेजारी गेल्या. दुपारचं ऊन कलेपर्यंत परत आल्या नाहीत. शशिकांत माझ्याशी बोलले नाहीत. मी फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत बसले.

आल्यावर आई म्हणाल्या, "तिला सगळं सांगितलंय मी. उद्या सकाळी तुला बोलावलंय."

"चिडली?"

"चिडली. चिडायला नको?"

रात्रभर मला वाटत होतं, उद्या ताप यावा. पण सकाळी मी गेले. आईंच्या मागोमाग, पायवाटेनं, मान खाली घालून. मुली शाळेत गेल्या होत्या. सगुणानं पाट सरकवला, पातेल्यातला चहा वाडग्यात ओतला आणि माझ्यापुढे ठेवला. मग समोर बसली.

"वहिनी, माझ्या नावानं खोटं बोललात."

"हो."

"बायला चार दिस घरात कोंडून घातलंत."

"हो."

"त्या दिवशी चहा दिलात का त्यांना?"

"नाही. मी प्यायले."

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. हसेल असं वाटलं, पण हसली नाही. "प्या आता," म्हणाली. "निवल."

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्या हिवाळ्यात मी रोज गेले, तिनं रोज मला चहा दिला, पण बोलायची ती आईंशी. दिवाळीत तिच्याकडून फराळाचं ताट आलं ते 'बायसाठी'. मला मधूनमधून तो जुना काटा टोचायचा. दोघी बोलत असल्या की मी चुलीत काटक्या सारत बसायची. पण आईंचा वाडगा एखाद्या दिवशी मी धरला, तर त्या धरू द्यायच्या. फाल्गुनात कुसुममावशीचं पत्र त्यांनी मला लिहायला सांगितलं. त्यात माझ्याविषयी काहीच नव्हतं. हवा, कैऱ्या, आणि सगुणाच्या धाकटीला आलेला ताप.

पुढच्या वर्षी भोईरांची बदली पालघरकडे झाली, आमची नाशिकला. तिथल्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. आई त्यानंतर सहा वर्षं होत्या. शेवटची दोन वर्षं मी त्यांना चमच्यानं चहा पाजला. सांडायचा. मीही सांडायची. एकदा माझ्याच हातून बशी उलटली तर त्या 'हेमे, अगं!' म्हणाल्या. पूर्ण नाव नाही. मी ते बरेच दिवस पुरवून पुरवून आठवत राहिले.

त्या गेल्या तेव्हा शशिकांतनी भोईरांना पत्र टाकलं. दहाव्याच्या दिवशी घाटावरून आम्ही घरी आलो तर सगुणा दारात उभी. दोन एस.टी. बदलून आली होती, हातात पिशवी, केस विस्कटलेले. आत येऊन तिनं आईंच्या फोटोकडे पाहिलं आणि "बाय गो!" म्हणून जी हंबरडा फोडून खाली बसली, तिला कुणी आवरू शकेना. मी दहा दिवसांत तशी रडले नव्हते. पाहुणे येत होते, पानं मांडायची होती, सगळं जागच्या जागी व्हायला हवं होतं. मी दाराला टेकून तिच्याकडे पाहत राहिले, आणि मला तिचा हेवा वाटला. अगदी पहिल्याइतकाच.

शेजारच्या वैद्यकाकू माझ्या कानाशी लागल्या. "बाईंना मुलगी होती होय? कधी बोलल्या नाहीत."

मला खरं ते सांगता आलं असतं.

"हो," मी म्हटलं, "दूर असते," आणि जाऊन सगुणाशेजारी खाली बसले.